उंबरठ्यावरचा सोबती : कादंबरीकार, त्यांची कुत्री आणि आपण वाचक

लेखक आणि वाचक यांची प्रत्यक्ष भेट होण्याचे प्रसंग तसे विरळाच. एकाने बंद दाराआड बसून लिहावयाचे, दुसऱ्याने परगावी, कदाचित परदेशी, आपल्या खोलीत बसून वाचावयाचे. आणि दोघांच्या मध्ये छापखाना, टपाल व समुद्र. तथापि ज्या लेखकाच्या घरी कुत्रा आहे त्याच्या बाबतीत हा नियम थोडा सैल पडतो. कुत्र्याला दिवसातून दोन वेळा बाहेर न्यावेच लागते. प्रकरण अर्धे राहिले आहे, नायिका रुसून बसली आहे, या सबबी त्याच्यापुढे चालत नाहीत. लेखक मुकाट्याने साखळी हाती घेतो, रस्त्यावर येतो, आणि रस्त्यावर माणसे भेटतात. त्यांतील एखादा वाचक असतो. त्याला लेखकाशी बोलण्याचे धैर्य होत नाही. कुत्र्याची चौकशी मात्र तो निःसंकोचपणे करतो.

हा विषय आमच्यासमोर आला तो एका पत्रामुळे. कतार देशातील उम्म सलाल मोहम्मद येथून आमच्या अंकाच्या एका वाचकाने ते धाडले आहे. गृहस्थ मूळचे रेवदंड्याकडील. ते आमच्या समाजाचे नव्हेत. परंतु त्यांच्या आजोळच्या वाडीत शनवार तेल्यांची दोन घरे होती, त्या जुन्या शेजाराच्या नात्याने ते आमचा अंक वाचतात. दोहा शहराच्या उत्तरेस असलेल्या या गावात जुना किल्ला आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले बरझानचे बुरूजही आहेत. १९१० साली शेख मोहम्मद बिन जासिम अल थानी यांनी या बुरुजांचे नूतनीकरण करविले. मोती काढणाऱ्या होड्यांवर नजर ठेवण्यासाठी आणि चंद्रदर्शनासाठी त्यांचा उपयोग होत असे.

पत्रलेखकाच्या शेजारचे एक परदेशी कुटुंब नोकरी संपल्यामुळे मायदेशी परतले. सामान गेले, मुले गेली. कुत्रा मागे राहिला. त्याची कागदपत्रे पुरी होईनात, आणि विमानभाडे परवडेना. आमच्या पत्रलेखकाने त्याला आपल्याकडे ठेवून घेतले. रात्री ते एस्थर डेव्हिड यांची ‘बुक ऑफ रेचल’ ही कादंबरी वाचत असता तो कुत्रा त्यांच्या पायांवर मान टाकून झोपतो. कादंबरीतील दांडा गाव त्यांच्या पायाखालचे. वाचता वाचता त्यांच्या मनात जो प्रश्न आला तो त्यांनी आम्हांस विचारला आहे : ‘तुमची माणसे कोकणातील घरे बंद करून इस्राएलला गेली, तेव्हा त्यांच्या कुत्र्यांचे काय झाले? आणि ते कोणी लिहून ठेवले आहे काय?’

प्रश्न साधा, परंतु त्याने आम्हांस विचारात पाडले. आमच्या समाजाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नौका फुटल्याची कथा लिहिली, नौगावची दफनभूमी वर्णिली, सिनेगॉगांच्या स्थापनेचे सन नोंदविले, कोणत्या वर्षी किती कुटुंबे गेली याचे आकडे दिले. कुत्र्याची नोंद कोणत्याच वहीत नाही. ती सापडली तर कादंबरीकाराकडेच सापडावयाची. म्हणून कादंबरीकार, त्यांची कुत्री आणि त्यांचे वाचक या तिघांच्या नात्याचा थोडा शोध घ्यावा, असे आम्ही ठरविले.

प्रथम आपल्या धर्मग्रंथांकडे वळू. सामान्य समजूत अशी की, आपल्या परंपरेत कुत्र्याला प्रतिष्ठा नाही. नीतिसूत्रांत त्याचे नाव मूर्खाच्या उपमेसाठी येते, यशया संदेष्टा निष्काळजी पहारेकऱ्यांना मुक्या कुत्र्यांची उपमा देतो. परंतु दुसरी बाजूही आहे. निर्गमाच्या अकराव्या अध्यायात, मिसर देशावर शेवटचे संकट कोसळेल त्या रात्री इस्राएलाच्या संतानावर एकही कुत्रा जीभ हलविणार नाही, असे वचन आहे. पुढे बाविसाव्या अध्यायात रानात फाडून टाकलेल्या पशूचे मांस न खाता ते कुत्र्यांना टाकावे अशी आज्ञा आहे. आपल्या शास्त्रीबाबांनी या दोन वचनांची सांगड घातली आणि म्हटले की, त्या रात्रीच्या मौनाचे हे बक्षीस होय. गुलामगिरीतून निघालेल्या लोकांची वाट अडविली नाही, एवढ्या उपकाराचीही परतफेड राहू दिली नाही.

याहून गोड गोष्ट तालमूदच्या बाबा कामा या भागात आहे. गावात कुत्री रडू लागली तर मृत्युदूत आला आहे असे समजावे. कुत्री खेळू बागडू लागली तर एलियाहू हन्नाबी आले आहेत असे समजावे. ज्या समाजाने अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावरील खुणांत एलियाहूच्या रथाचा मार्ग पाहिला, तेथे एलियाहू हन्नाबीचा टप्पा मानून मलिद्याचे ताट ठेवले, त्या समाजाने हे वचन विसरू नये. पाहुणा दारात आला हे घरातल्या माणसांच्या आधी कुत्र्याला कळते, मग तो पाहुणा संदेष्टा का असेना!

एलियाहूंचे नाव निघाले म्हणजे एस्थर डेव्हिड यांचा उल्लेख ओघानेच येतो. अहमदाबादेतील यहुदी कुटुंबांच्या वसाहतीवर त्यांनी लिहिलेल्या ‘शालोम इंडिया हाऊसिंग सोसायटी’ या पुस्तकात एलियाहू हन्नाबी भिंतीवरच्या चित्रातून उतरून एक पात्रच होऊन बसतात. १९४५ साली अहमदाबादेत जन्मलेल्या या लेखिकेचे बालपण प्राण्यांच्या सहवासात गेले. त्यांचे वडील रूबेन डेव्हिड (१९१२–१९८९) म्हणजे कांकरिया तलावाकाठच्या प्राणिसंग्रहालयाचे संस्थापक. तरुणपणी बंदुकांत रमलेल्या आणि शिकार केलेल्या या गृहस्थांनी पुढे शिकार सोडली, स्वाध्यायाने प्राण्यांची चिकित्सा आत्मसात केली आणि १९५१ साली अहमदाबाद नगरपालिकेसाठी प्राणिसंग्रहालय उभारले. एकमेकांचे जन्मवैरी समजले जाणारे प्राणी एकत्र नांदविण्याचे त्यांचे प्रयोग त्या काळी गाजले. लांडगा कोकरासह राहील हे यशयाचे स्वप्न दांडेकर घराण्यातील एका बेने इस्राएल माणसाने आपल्या परीने तलावाकाठी करून पाहिले, असे आम्ही म्हटल्यास वावगे होऊ नये. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

एस्थरबाईंनी बडोद्यात कलेचे शिक्षण घेतले, शिल्पकार शंखो चौधुरी यांच्याकडे शिकल्या, अहमदाबादेत कलेतिहास शिकविला, वृत्तपत्रांतून कलासमीक्षा केली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर कादंबरीकडे वळल्या. ‘द वॉल्ड सिटी’ १९९७ साली प्रसिद्ध झाली. तिचे फ्रेंच भाषांतरही झाले. २००२ सालच्या ‘बुक ऑफ एस्थर’मध्ये बाथशेबा, डेव्हिड, जोशुआ आणि एस्थर अशी चार पिढ्यांची चार प्रकरणे आहेत. कोकणातून निघालेली वाट अहमदाबादेस कशी पोहोचली हे त्यांत दिसते, आणि जोशुआच्या चित्रणात रूबेन डेव्हिड यांची छाया उघडपणे पडलेली आहे. वडिलांच्या प्राण्यांविषयी त्यांनी ‘माय फादर्स झू’ हे स्वतंत्र पुस्तकही लिहिले. ‘बुक ऑफ रेचल’ला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या कादंबरीतील वृद्ध रेचलची मुले इस्राएलला गेलेली आहेत. ती मात्र दांड्यातच राहून ओस पडलेल्या सिनेगॉगची झाडलोट करते, दिवा लावते, आणि ती जागा विकण्याचा घाट घातला जातो तेव्हा पदर खोचून उभी राहते. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एकेक पाककृती दिलेली आहे.

ज्या घरात आजारी मुक्या जिवाची रात्रभर शुश्रूषा होते, त्या घरातले मूल एक गोष्ट लवकर शिकते : ज्याला बोलता येत नाही त्याचे दुखणे पाहून ओळखावे लागते. कादंबरीकाराला याहून मोठी शिदोरी ती कोणती? रेचल फारसे बोलत नाही. ती केर काढते, मासे स्वच्छ करते, वाट पाहते. मुक्या प्राण्यांकडे पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांनीच अशी बाई पाहिली, असे आमचे मत आहे.

आणि आमच्यासारख्या लहान समाजात वाचकाची भेट ही एक विलक्षणच गोष्ट असते. मोठ्या भाषेच्या लेखकाला वाचक म्हणजे परका मनुष्य. आमच्या लेखकाला वाचक म्हणजे कोणाचा तरी मावसभाऊ, कोणाची तरी नणंद. पुस्तक हाती पडताच तो प्रथम आपल्या आजीला शोधतो. ती सापडली तर ‘असे नव्हते’ म्हणून रागावतो, न सापडली तर ‘आमचीच का नाही?’ म्हणून रुसतो. मीरा महादेवन यांची ‘अपना घर’ (१९६१) किंवा शीला रोहेकर यांची ‘मिस सैम्युएल : एक यहूदी गाथा’ (२०१३) या हिंदी कादंबऱ्या वाचतानाही आपण हेच करतो. हा दोष नव्हे. ज्या समाजाची माणसे भारतात १९४८ च्या सुमारास वीस हजारांच्या घरात होती आणि आता पाच हजारांच्या आसपास उरली आहेत, त्याला कादंबरीचे पान हे घराच्या भिंतीवरील जुन्या छायाचित्रासारखेच वाटणार.

आपल्या मराठीतही कुत्रा आणि वाचक यांची गाठ वारंवार पडली आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘हसवणूक’ (१९६८) या संग्रहातील ‘पाळीव प्राणी’ हा लेख ठाऊक नसलेला मराठी वाचक विरळा. परंतु तो लेख कुत्रा पाळणाऱ्याचा नव्हे, कुत्रा पाळणाऱ्याच्या घरी जाणाऱ्याचा आहे, हे ध्यानी घ्यावे. फाटकावरची पाटी वाचून पाऊल अडखळलेल्या पाहुण्याची ती कैफियत आहे. लेखकाच्या दारी गेलेल्या कित्येक वाचकांनी ती मनोमन आपलीशी केली असेल. कारण दाराआडून येणारा आवाज लेखकाचा असो वा कुत्र्याचा, प्रथम भेटीत तो सारखाच धडकी भरविणारा असतो.

गौरी देशपांडे (१९४२–२००३) यांचे उदाहरण निराळे. महर्षी कर्व्यांची नात, इरावतीबाईंची कन्या, अनेक देशांत राहिलेली ही कादंबरीकर्त्री फलटणजवळच्या विंचुर्णी गावी घर करून राहिली. त्या मुक्कामातील माती, माणसे आणि प्राणी यांच्याकडून मिळालेले शिक्षण त्यांनी ‘विंचुर्णीचे धडे’ या पुस्तकात मांडले. शहरातील वाचकाला आपल्या नायिकांच्या बंडखोरीने अस्वस्थ करणाऱ्या लेखिकेने स्वतः मात्र मुक्या सोबत्यांकडून व खेड्यातील शेजाऱ्यांकडून धडे घेतले, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. अरबस्तानच्या रात्रींच्या कथांचे सोळा खंडांतील मराठी भाषांतरही त्यांचेच. उम्म सलाल मोहम्मदच्या आमच्या पत्रलेखकाने ते मिळवून जरूर वाचावे.

अरुण कोलटकर (१९३१–२००४) हे कादंबरीकार नव्हेत, कवी. तरीही त्यांना वगळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. मुंबईच्या काळा घोडा भागात, १८८४ साली बांधलेल्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगपासून हाकेच्या अंतरावर, पहाटे रस्ता मोकळा असता मध्येच पहुडलेला एक बेवारशी कुत्रा त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’ या इंग्रजी संग्रहाच्या आरंभीच भेटतो. बार्टल फ्रिअर यांच्या काळात विलायतेहून आणलेल्या शिकारी कुत्र्यांशी तो आपले नाते सांगतो, आणि पांडवांच्या अखेरच्या प्रवासात धर्मराजामागे गेलेल्या कुत्र्याशीही. कोलटकरांच्या घरी दूरध्वनी नव्हता. त्यांना भेटू इच्छिणाऱ्याने गुरुवारी ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहात जावे, असा परिपाठ होता. रस्त्यावरच्या कुत्र्याप्रमाणेच कवीचेही एक ठिकाण ठरलेले होते, आणि वाचकाला ते ठाऊक होते.

परदेशी वाङ्मयात डोकावले तर हीच गोष्ट अधिक ठळक दिसते. अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांच्या टोबी नावाच्या पिलाने १९३६ साली ‘ऑफ माइस अँड मेन’च्या हस्तलिखिताचा निम्मा भाग फाडून टाकला. दोन महिन्यांचे काम पुन्हा करावे लागले. परंतु लेखकाने त्या पिलाला फारसे शासन केले नाही. पहिल्या टीकाकाराचा मान त्याने ठेवला म्हणावयाचा! पुढे १९६० साली, प्रकृती खालावली असता, चार्ली नावाचा म्हातारा फ्रेंच पूडल बरोबर घेऊन ते स्वतःच्या गाडीतून अमेरिका पाहण्यास निघाले आणि सुमारे दहा हजार मैल हिंडले. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रवासवर्णनात ते सांगतात की, परक्या गावी लोकांशी संभाषणाला प्रारंभ होई तो चार्लीमुळे. प्रसिद्ध ग्रंथकार म्हणून त्यांना वाटेत ओळखले गेले नाही. कुत्र्याची जात कोणती एवढे विचारायला मात्र माणसे थांबत. त्यातील काही संभाषणे लेखकाने घरी बसून रचली असावीत, अशी शंका पुढील संशोधकांनी घेतली आहे. तरीही मूळ अनुभव खरा आहे, हे कुत्र्याला फिरवून आणणारा कोणीही सांगेल.

टोमास मान यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, युरोप जळत असता, म्युनिकजवळ नदीकाठी आपल्या बाउशान नावाच्या कुत्र्याबरोबर घेतलेल्या फेरफटक्यांवर एक छोटे पुस्तक लिहिले. व्हर्जिनिया वूल्फ यांनी १९३३ साली एलिझाबेथ बॅरेट या कवयित्रीच्या फ्लश नावाच्या स्पॅनिअलचे चरित्रच लिहिले. लंडनच्या चोरांनी फ्लशला तीन वेळा पळविले होते आणि त्याच्या सुटकेसाठी आजारी बाईसाहेबांना पैसे मोजावे लागले होते. वूल्फबाईंच्या कादंबऱ्या दुर्बोध म्हणून बाजूला ठेवणाऱ्या वाचकांनी हे पुस्तक हातोहात घेतले. पायऱ्या उंच असल्या तरी दारात कुत्रा शेपूट हलवीत उभा असेल तर मनुष्य आत शिरतो.

आपल्या इस्राएलच्या वाङ्मयात कुत्र्याने याहून गंभीर कामगिरी बजावली आहे. १९६६ सालचे नोबेल पारितोषिक विजेते श्मुएल योसेफ अग्नोन यांच्या १९४५ सालच्या ‘तमोल शिल्शोम’ या कादंबरीत इझाक कुमेर नावाचा रंगारी यरुशलेममध्ये गंमत म्हणून एका भटक्या कुत्र्याच्या पाठीवर ‘वेडा कुत्रा’ अशी अक्षरे रंगवितो. लोक ती वाचतात आणि त्या निरपराध बालाकला दगड मारून हाकलतात. एकाकी, तहानलेला बालाक अखेर खरोखरच पिसाळतो आणि त्या रंगाऱ्याला चावतो. त्यातच त्याचा अंत होतो. बालाक म्हणजे काय, यावर टीकाकारांनी कित्येक दशके वाद घातला. आम्ही त्यातून एवढेच घेतो : एखाद्याच्या पाठीवर जे लिहिले जाते, तेच जग वाचते; आणि त्याला स्वतःला आपल्या पाठीवरचे वाचता येत नाही. परदेशी जाऊन वसलेल्या कोणत्याही समाजाने हा धडा विसरू नये. याच अग्नोन यांना लिहिताना शांतता लाभावी म्हणून त्यांच्या तालपियोतच्या रस्त्यावर नगरपालिकेने पाटी लावली होती : अग्नोन लिहीत आहेत, गोंगाट करू नका. वाचकांनी लेखकाला दिलेली एवढी सुंदर भेट दुसरी आम्हांस ठाऊक नाही.

डेव्हिड ग्रोसमन यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत सोळा वर्षांचा असाफ एका हरवलेल्या कुत्रीची दोरी धरून, तिच्या मालकाच्या शोधात, यरुशलेमभर धावतो. कुत्री नेईल तिकडे जावयाचे, आणि वाटेत जी माणसे भेटतील त्यांच्या कहाण्या ऐकावयाच्या. आमच्या मते कादंबरी वाचणे म्हणजे दुसरे काय? दोरी आपल्या हातात आहे असे वाटते खरे. ओढणारा मात्र पुढे असतो.

आखाती देशांविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण पत्र तेथून आले आहे. अरब बदाऊंच्या जुन्या रीतीत सलूकी या सडपातळ, वेगवान शिकारी कुत्र्याला इतर कुत्र्यांत गणीत नाहीत. साधा कुत्रा तो ‘कल्ब’, सलूकी तो सलूकी! त्याला तंबूत जागा मिळते. कतारमध्ये बहिरी ससाण्याबरोबर सलूकीचीही शर्यत दर वर्षीच्या मर्मी महोत्सवात होत आली आहे. बहिरी ससाण्याच्या शिकारीच्या परंपरेला युनेस्कोने २०१० साली ज्या देशांचा वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत कतारही होता. आम्ही मराठी माणसे तरी याहून निराळे काय करतो? शिवी द्यावयाची तर कुत्र्याच्या नावाने, म्हण रचावयाची तर त्याच्या वाकड्या शेपटीवर; परंतु दत्तात्रेयांच्या चित्रात त्यांच्या पायांशी कुत्री हवीत, खंडेरायाच्या बरोबर कुत्रा हवा, आणि कोरडी भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपल्या कीर्तनात हवेत. जिभेवर एक आणि अंतःकरणात दुसरे, अशी ही जुनी तऱ्हा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोकणातून, मुंबईतून, पुण्यातून आमची माणसे गेली तेव्हा त्यांच्या कुत्र्यांचे काय झाले?

आमच्या वडीलधाऱ्यांकडून जे ऐकले आहे ते असे. बहुतेक ठिकाणी कुत्रा शेजाऱ्याच्या हवाली केला गेला. भांडी, पाटा-वरवंटा, आंब्याच्या झाडाची राखण आणि कुत्रा, हे सारे एकाच माणसाकडे सोपविले जाई. तो शेजारी आगरी, कोळी, भंडारी वा मुसलमान, कोणीही असे. कोणी बंदरापर्यंत मागोमाग येणाऱ्या कुत्र्याविषयी सांगते, कोणी कित्येक दिवस बंद दारासमोर बसून राहणाऱ्या कुत्र्याविषयी. नव्या देशात पोहोचलेल्या माणसांना छावण्या, नवी भाषा, वाळवंटातील नवी गावे आणि रोजगार यांनी घेरले. आजीचे दागिने कोणत्या पेटीत होते हे सर्वांना आठवते. कुत्र्याचे नाव फक्त त्या वेळी लहान असलेल्यांना आठवते. ती लहान मुले आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

यात केवळ हळवेपणा आहे असे कोणी समजू नये. शेजाऱ्याने कुत्रा ठेवून घेतला, याचा अर्थ त्याने आमच्या घराची आठवण ठेवून घेतली. शनवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे हे लोक कोण, असा प्रश्न शतकानुशतके न विचारता ज्यांनी आम्हांस गावात नांदू दिले, त्यांनी आमच्यामागेही आमचे दार उघडे ठेवले. निर्गमाच्या रात्री कुत्र्यांनी जीभ हलविली नाही, त्याचे बक्षीस शास्त्राने ठरवून दिले. कोकणातून आमचे निर्गमन झाले तेव्हा कोणीही आमच्यामागे लागले नव्हते. उलट निरोप द्यायला गाव बंदरावर आले होते. या उपकाराची परतफेड आम्ही कोणत्या प्रकारे केली? ती करावयाची असेल तर निदान लिहून तरी ठेवली पाहिजे.

आणि येथेच वाचकाचे काम सुरू होते. कादंबरीकाराला सर्व काही ठाऊक नसते. त्याला कोणीतरी सांगावे लागते. आमच्या समाजाचे वाचन आज तीन भाषांत विभागले आहे. वडीलधारी मराठी वाचतात, मुले इंग्रजी, नातवंडे हिब्रू. आजीची गोष्ट नातवाला वाचता येत नाही, आणि नातवाची कादंबरी आजीला. या तिघांच्या मध्ये दुवा कोणता? आमचा अनुभव असा की, सिनेगॉगचा इतिहास सांगू लागले म्हणजे नातवंडे घड्याळ पाहतात. परंतु ‘आमच्याकडे एक कुत्रा होता’ असे म्हटले की ती जवळ सरकतात. मग कुत्रा कोठे बसे हे सांगताना ओटी येते, ओटीमागे माजघर येते, माजघरातील दिव्याची वेळ येते, शब्बाथची संध्याकाळ येते. सबंध गाव त्या एका शेपटीमागे चालत येते.

म्हणून आमची समाजबंधुभगिनींना विनंती आहे. ज्यांना आपल्या जुन्या घरचा कुत्रा आठवत असेल त्यांनी त्याचे नाव, रंग, आणि शेवटी तो कोणाकडे राहिला, एवढे तीन ओळींत आम्हांस लिहून पाठवावे. मराठीत लिहावे, न जमल्यास सांगून नातवंडांकडून लिहून घ्यावे, म्हणजे एका दगडात दोन कामे होतील. ज्या लेखकाचे पुस्तक आपण आवडीने वाचले त्यालाही एक पत्र धाडावे. ‘तुमचे पुस्तक थोर आहे’ असे लिहिण्याची गरज नाही. ‘तुम्ही वर्णिलेल्या गल्लीत आमचे घर तिसरे होते, आणि पायरीवर एक काळा कुत्रा बसत असे’ एवढे लिहिले तरी पुरे. अशा एका वाक्यातून कधी कधी सबंध प्रकरण जन्मास येते.

कुत्र्याला वाचता येत नाही, हा त्याच्यातील एक गुणच समजावा. लेखकाचे पुस्तक पडले काय, गाजले काय, संध्याकाळी तो तितक्याच आनंदाने दाराशी येतो. वाचक हा त्याहून कठीण सोबती. तो तपासतो, रागावतो, चूक दाखवितो, आणि पुस्तक मिटवून निघूनही जातो. परंतु एका बाबतीत दोघे सारखे आहेत. माणसे गेल्यावर मागे राहून घर ओळखीचे ठेवण्याचे काम दोघेही करतात. ज्यांची घरे बंद झाली त्यांना याहून अधिक कोणाचा आधार आहे?